तळ्याला तारीख नसते

रूपकुंडाला तळं म्हणायचं ते केवळ त्यात पाणी असतं म्हणून. व्यास जेमतेम चाळीस मीटर, खोली दोन-तीन मीटर. कोकणातल्या एखाद्या देवळासमोरचं तळंही याहून मोठं भरेल. पण हे तळं आहे समुद्रसपाटीपासून ५,०२९ मीटर उंचीवर, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ पर्वताच्या कुशीत. कळसूबाईची तीन शिखरं एकावर एक रचली तरी त्याचा काठ गाठायला नव्वदेक मीटर कमी पडतील. वर्षातले बहुतेक महिने ते बर्फाखाली असतं. पावसाळा सरता सरता काही आठवडे बर्फ वितळतो आणि मग काठावर, उतारावर, उथळ पाण्यात माणसांची हाडं दिसू लागतात. कवट्या, मांड्यांची हाडं, बरगड्या, आणि थंडीने टिकवलेल्या काही वस्तू, चामड्याच्या चपलांसारख्या. ही हाडं किती माणसांची, याचे अंदाज तीनशेपासून आठशेपर्यंत जातात. १९४२ मध्ये हरिकिशन मधवाल या वनखात्यातल्या माणसाने ती पाहून वर कळवली आणि तेव्हापासून हे एवढंसं पाणी जगाच्या नकाशावर आलं.

त्या दिवसापासून रूपकुंडाबद्दल जे जे लिहिलं गेलं त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: इथे काय घडलं? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात एक उत्तर आधीच दडलेलं आहे. ‘काय घडलं’ असं विचारणारा काहीतरी एक घडलं असं धरून चालतो. एक जमाव, एक दिवस, एक संकट. माझं म्हणणं असं, की रूपकुंडाचं गूढ म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं या एकवचनातून जन्मलं आहे. ते एकवचन का चुकतं हे कळायला हाडांच्या आधी तळ्याकडे बघावं लागतं. ते तिथे कसं झालं, त्याचा आकार कसा आहे, त्यात पडलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, हे प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातले आणि रुक्ष वाटतात खरे. पण हाडांचा अर्थ त्यांच्यावरच टेकलेला आहे.

आजवरचे तर्क झरझर पाहून घेऊ. १९४२ साल युद्धाचं होतं, म्हणून सुरुवातीला शंका आली ती जपानी सैनिकांची. हाडं तेवढी ताजी नाहीत हे लगेच उघड झालं. मग नाव आलं जोरावरसिंगाच्या डोगरा फौजेचं. १८४१ च्या डिसेंबरात पश्चिम तिबेटात ती फौज मारली गेली होती आणि उरलेले लोक हिमालय ओलांडून पळाले होते, तेव्हा त्यातलेच काही इथे वाट चुकले असतील असा कयास. कुणी चौदाव्या शतकातल्या मुहंमद तुघलकाच्या हिमालयातल्या फसलेल्या मोहिमेपर्यंत मागे गेलं. कुणाला साथीचा रोग आठवला. कैलास-मानसरोवराचे शोधयात्री स्वामी प्रणवानंद यांनी स्थानिक कथेतल्या कनौजच्या राजाकडे बोट दाखवलं. हे तर्क एकमेकांशी भांडतात, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. फौज असो, यात्रा असो, रोग असो, मेलेले सगळे एकत्र आले आणि एकत्र मेले, हे प्रत्येकाने न बोलता मान्य केलं आहे. कशावरून? तर सगळी हाडं एकाच जागी सापडतात यावरून. म्हणजे जागेची एकता पाहून काळाची एकता गृहीत धरली गेली. जमिनीवरच्या एखाद्या बंद थडग्यात हे चाललं असतं. रूपकुंड बंद नाही.

अशी तळी घडतात कशी? डोंगराच्या उतारावरच्या एखाद्या खोलगट जागी उन्हाळ्यातही न वितळता बर्फ साठत जातो. वरच्या थरांच्या भाराने खालचा भुसभुशीत बर्फ दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते, आणि शेकडो वर्षांत त्याचं घट्ट, निळसर हिम होतं. भार पुरेसा झाला की हे हिम स्वतःच्या वजनाने सरकू लागतं आणि सरकताना डोंगर कोरतं. पाठीमागच्या कड्याच्या फटींत पाणी शिरतं, गोठून फुगतं, खडक खिळखिळा करतं. सरकतं हिम ते सुटे तुकडे उपटून घेऊन जातं. हेच तुकडे मग हिमाच्या तळाला रुतून कानशीसारखे खालचा खडक घासत राहतात. मध्यभाग जास्त कोरला जातो, पुढच्या बाजूला एक उंबरठा शिल्लक राहतो, आणि तयार होतो तो आरामखुर्चीसारखा खळगा, ज्याला शाळेच्या भूगोलात हिमगव्हर म्हणतात. हवामान उबदार होऊन हिम मागे सरलं की उंबरठ्याआड पाणी साचतं. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ, पुष्कळदा त्या उंबरठ्याला आणखी उंच करतो. हिमालयात अशी तळी असंख्य आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना नावसुद्धा नाही. रूपकुंडाला नाव मिळालं ते पार्वतीमुळे. इथल्या पाण्यात तिने आपलं रूप न्याहाळलं, अशी कथा आहे.

या आकाराचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. हिमगव्हर म्हणजे तीन बाजूंनी तीव्र उतार असलेलं नरसाळं आणि तळं म्हणजे त्याचं तोंड. उतारावर सुटलेला दगड कधी ना कधी खाली येतो, कोसळलेला बर्फही खाली येतो, आणि त्या बर्फाबरोबर जे काही असेल तेही. रूपकुंडाच्या वर जुनारगलीची धारदार कड आहे. पुढच्या खोऱ्यात उतरायचं तर ती ओलांडावी लागते. त्या कडेखाली कुठेही माणूस पडला, तो कुठल्याही शतकात पडलेला असो, तरी त्याच्या हाडांची दिशा ठरलेली आहे. तळ्यात पोचल्यावरही ती स्वस्थ पडत नाहीत. दोन-तीन मीटर पाणी गोठतं, फुगतं, वितळतं. बर्फाच्या लाद्या तळाशी असलेलं काठावर आणि काठावरचं मध्ये नेतात. वरून दगड कोसळत राहतात. भरीला गेल्या काही दशकांत आलेली माणसं: कुणी फोटोसाठी कवट्या रचून ठेवल्या, कुणी आठवण म्हणून हाड पिशवीत टाकलं. १९४२ च्या आधी हजार वर्षं बर्फाने जे कालवलं, ते नंतरच्या ऐंशी वर्षांत पर्यटकांनी निष्ठेने पुढे चालू ठेवलं.

तळी काळ मोजत नाहीत असं मात्र नाही. हिमनदीच्या पाण्यावर पोसलेली खोल, शांत तळी फार नेटका हिशेब ठेवतात. उन्हाळ्यात वितळत्या पाण्याबरोबर जाडसर, फिकट गाळ येतो. हिवाळ्यात वरचं पाणी गोठलं की आत तरंगणारी बारीक माती सावकाश तळाशी बसते आणि गडद पट्टा उमटतो. एक फिकट, एक गडद, झालं एक वर्ष. स्वीडनचे भूवैज्ञानिक जेरार्ड दे गीर यांनी या जोडपट्ट्या मोजून स्कँडिनेव्हियातलं हिम मागे कसं सरलं याची वर्षवार दिनदर्शिकाच तयार केली. पण त्यासाठी तळं खोल हवं, तळ अडथळ्याविना हवा, आणि वर पडलेलं खाली तसंच राहायला हवं. रूपकुंडात यातलं काहीच नाही. पुरातत्त्वज्ञ उत्खननात वरचा थर नवा आणि खालचा जुना या साध्या नियमावर विसंबून असतो. इथे तो नियमच लागू होत नाही. शेजारी शेजारी पडलेल्या दोन कवट्या एकमेकींबद्दल काहीही सांगत नाहीत.

हा दोष एकट्या रूपकुंडाचा नाही, उंचावरच्या खळग्यांचा तो स्वभाव आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेवर ३,२१० मीटर उंचीवरच्या एका घळीत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस बर्फात सापडला. जग त्याला ओत्झी म्हणून ओळखतं. तो मेला, त्यावर लगोलग बर्फ साचला, आणि ती घळ काळाच्या कुपीसारखी बंद झाली, असं तीस वर्षं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये हिमाच्या पुरातत्त्वावर काम करणाऱ्या एका गटाने जुने पुरावे पुन्हा तपासले. घळीत ओत्झीच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातले अवशेषही होते. त्यांचा निष्कर्ष असा, की तो वर बर्फाच्या पृष्ठभागावर मेला, बर्फ वितळता वितळता घळीत उतरला, आणि ती जागा पुढेही अनेकदा उघडी पडली होती. एक माणूस आणि त्याचं सामान यांच्या बाबतीतही ‘एक जागा म्हणजे एक क्षण’ हे समीकरण डगमगतं. मग शेकडो माणसांच्या बाबतीत त्यावर भिस्त कशी ठेवायची?

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो, कारण तो पुण्यातून आला. विसाव्या शतकाच्या मध्यात लखनौचे मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार यांनी हाडं गोळा केली होती, पण पद्धतशीर तपासणी झाली ती २००३-०४ च्या मोहिमेनंतर, आणि तिच्यात डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि प्रमोद जोगळेकर होते. काही कवट्यांवर त्यांना न भरून आलेले, वरून बसलेल्या जोरकस आघाताचे खोलगट घाव दिसले. तलवारीचा वार असा नसतो, भाल्याचाही नसतो. काहीतरी गोल आणि जड वरून पडलं होतं. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या कार्बनमापनाने तारीख दिली इ.स. ८५०, तीस वर्षं इकडे किंवा तिकडे. निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघाला: नवव्या शतकात यात्रेकरूंचा तांडा उघड्या उतारावर प्रचंड गारपिटीत सापडला आणि संपला. दडायला ना झाड, ना कपार. गारांनी माणसं मरतात का, असं ज्याला वाटेल त्याने मुरादाबाद आठवावं. ३० एप्रिल १८८८ रोजी तिथल्या गारपिटीत २४६ माणसं गेली आणि जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत आजही तोच उच्चांक आहे. शिवाय स्थानिक गाण्यांत देवीने लोखंडासारख्या गारा पाडल्याचा उल्लेख आहे. हाड, तारीख आणि गाणं, तिन्ही एका रेषेत!

हा तर्क फेकून देण्यासारखा नाही, आणि मी तो फेकत नाही. ताज्या हाडाचं मोडणं आणि सुक्या हाडाचं मोडणं यांत फरक असतो. जाणकाराला तो ओळखू येतो, तेव्हा ते घाव मरतेवेळचे आहेत हे मान्य करायला हरकत नाही. अडचण पुढच्या पायरीवर आहे. असे घाव दिसले ते मोजक्या कवट्यांवर, आणि तारीख निघाली ती तपासलेल्या काही हाडांची. पण निष्कर्ष काढला गेला तो शेकडो माणसांबद्दल. एका पोत्यातले चार दाणे जुने निघाले म्हणून सगळं पोतं त्याच सालचं म्हणता येतं, पण ते पोतं एकदाच भरलं गेलं हे आधी माहीत असेल तर. इथे पोतं किती वेळा भरलं हाच तर प्रश्न होता. मोजमाप अचूक होतं, ताणलं गेलं ते त्याचं क्षेत्र.

याच सुमाराला वर्तमानपत्रांतून आणखी एक बातमी आली आणि ती आपल्याकडे चवीने वाचली गेली: काही हाडांतल्या डीएनएमध्ये महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांत आढळणारा एक बदल सापडला. हजार वर्षांपूर्वी चित्पावनांचा तांडा हिमालयात काय करत होता, यावर तर्क लढवायला मग वेळ लागला नाही. तो डीएनए होता मायटोकाँड्रियातला, म्हणजे फक्त आईकडून मुलांकडे येणारा. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात हजारभर पूर्वज बसतात. मायटोकाँड्रियाचा डीएनए त्यातल्या एकीचाच माग सांगतो. एका खुणेवरून जात ओळखणं म्हणजे एका आडनावावरून कुंडली मांडण्यासारखं आहे. पण त्या बातमीचं खरं आकर्षण वेगळं होतं. एक कुटुंब, एक जात, एक तांडा: तिनेही एकवचनाची भूक भागवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात जो शोधनिबंध आला त्याने हे एकवचन मोडलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय, हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइश, डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि जोगळेकर, असा मोठा ताफा त्यात होता. अडतीस व्यक्तींच्या हाडांतून संपूर्ण जनुकसंचयाचा अभ्यास करण्याइतका डीएनए मिळाला. त्यातले तेवीस जण दक्षिण आशियाई वंशाचे निघाले, पण एका गावचे किंवा एका जातीचे नव्हेत. भारतात आज जी जनुकीय विविधता दिसते तिच्यावर ते पसरलेले होते. चौदा जणांचं नातं भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाशी, आजच्या ग्रीस आणि क्रीट बेटाच्या लोकांशी, जुळलं. एक व्यक्ती आग्नेय आशियाई वंशाची होती. तेवीस पुरुष आणि पंधरा स्त्रिया. फौजेचा तर्क इथेच लंगडा पडतो. जवळच्या रक्ताच्या नात्यातले कुणीच नव्हते, म्हणजे कुटुंबांचा तांडा हेही जमत नाही. साथीच्या रोगाला कारण होणाऱ्या जिवाणूंचा मागही लागला नाही.

वंशापेक्षाही बोलक्या आहेत त्या तारखा. दक्षिण आशियाई गटाची हाडं सातव्या ते दहाव्या शतकातली, आणि तीही एका वेळची नाहीत: एका व्यक्तीची तारीख इ.स. ६७५ ते ७६९ च्या दरम्यान पडते, दुसरीची ८९४ ते ९८५ च्या. या दोन पट्ट्यांचा एकमेकींना स्पर्शही होत नाही, मधे सव्वाशे वर्षांची दरी आहे. म्हणजे ज्या गटाला ‘गारपिटीचा गट’ म्हटलं जात होतं त्यातही किमान दोन मृत्युप्रसंग आहेत, कदाचित जास्त. भूमध्यसागरी चौदा आणि तो आग्नेय आशियाई एक, हे तर त्यानंतर हजारभर वर्षांनी, सतराव्या ते विसाव्या शतकाच्या दरम्यान मेले. हा पट्टा एवढा ऐसपैस का, याचं कारण कार्बनमापनाच्या मर्यादेत आहे. साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण असं वरखाली झालं, की एकच मोजमाप दोन-तीन वेगवेगळ्या दशकांना लागू पडतं. सगळ्यांचा एकत्र विचार करून १८०० च्या आसपास असं म्हटलं जातं. नेमका आकडा काहीही असो, ८५० नक्कीच नाही.

हाडांनी आपला आहारही सांगितला. गहू, तांदूळ, जव या पिकांत आणि ज्वारी, बाजरी, नाचणी या भरड धान्यांत कार्बन पकडण्याची पद्धत वेगवेगळी असते, आणि त्यामुळे कार्बनच्या जड आणि हलक्या प्रकारांचं प्रमाणही वेगळं पडतं. खाणाऱ्याच्या हाडात ते उतरतं. मांडीच्या हाडात आयुष्याच्या शेवटच्या दहा-वीस वर्षांचा हिशेब असतो. पोळी खाणारा आणि भाकरी खाणारा, दोघे हजार वर्षांनीही ओळखता येतात म्हणायचे. दक्षिण आशियाई गटात दोन्ही प्रकारचं खाणं सापडलं, कुणाचं भरड धान्यावर, कुणाचं गहू-तांदळावर. भूमध्यसागरी गटात भरड धान्य जवळजवळ नाहीच. गढवालात मंडुवा, म्हणजे आपली नाचणी, हे रोजचं अन्न. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या हाडात तिची खूण नसणं अवघड आहे. हे लोक वंशानेच परके होते असं नाही, जेवणानेही परके होते. या डोंगरात ते फार वर्षं राहिलेले नसणार.

इथे चतुर वाचकाच्या मनात दोन शंका येतील. पहिली: हे लोक शिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांचे वंशज कशावरून नसतील? शिकंदर इ.स.पू. ३२६ चा. त्याचे सैनिक इथे राहिले असते तर दोन हजार वर्षांत स्थानिक लोकांशी सोयरिकी होऊन त्यांच्या डीएनएत भारतीय अंश भरपूर मिसळला असता. या चौदा जणांत तो दिसत नाही. ते जन्मले ते भूमध्य समुद्राकाठीच, बहुधा तेव्हाच्या ऑटोमन सत्तेखाली. दुसरी शंका जास्त बोचरी आहे: ही हाडं बऱ्याच वर्षांपासून संग्रहात जमा होती, मग कुठल्यातरी भलत्याच जागची हाडं त्यात मिसळली नसतील कशावरून? शंका रास्त आहे, आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या बदलणं ही कुठल्याही कोठारात घडणारी गोष्ट. पण तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करून पाहा. डीएनए, आहार आणि तारीख अशा तीन स्वतंत्र कसोट्या एकाच गटाकडे बोट दाखवतात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या हातांची लागण हे कारण उरत नाही. मग १८०० च्या सुमाराला मेलेल्या चौदा ग्रीक-क्रीटी वंशाच्या स्त्रीपुरुषांचे सांगाडे एका भारतीय कोठारात दुसरीकडून कुठून आले, हे सांगावं लागेल. रूपकुंडाहून ते कोडं अधिक अवघड आहे.

तिसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो आणि त्याला मी सगळ्यात जास्त मान देतो. नंदादेवी ही गढवालची लेक. बारा वर्षांनी एकदा तिची राजजात, म्हणजे यात्रा, निघते. नौटी गावातून, चार शिंगांच्या मेंढ्याला पुढे घालून, वाण गाव, बेदनीचं कुरण, पातर नचौनी, कैलूविनायक, बगुआबासा असं करत रूपकुंडावरून जुनारगली ओलांडून होमकुंडापर्यंत. सासरी निघालेल्या मुलीला पोचवायला जावं तसे लोक देवीला पोचवायला जातात. कथा सांगते की कनौजचा राजा जसधवल गरोदर राणी आणि नाचणाऱ्या बायका घेऊन या वाटेवर आला, देवीच्या जागेचं पावित्र्य त्याने मोडलं, आणि देवीने गारांनी सगळ्यांना मारलं. पातर नचौनी या नावातच त्या नाचाची आठवण आहे. आसपासच्या देवळांतले आठव्या ते दहाव्या शतकांतले शिलालेख यात्रेचं मूळ जुनं असल्याचं सुचवतात, आणि तारखा तर पहिल्या गटाशी जुळतात. मग कथा खरी नाही का? माझ्या मते कथेत दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. या वाटेवर जुन्या काळापासून यात्रेकरू, स्त्रियांसकट, मरत आले हे ती सांगते, आणि हाडं तिला दुजोरा देतात. ते सगळे एकाच राजाबरोबर एकाच दिवशी मेले हेही ती सांगते, आणि तिथे कथा तेच करते जे नंतर संशोधकांनी केलं: हाडांचा ढीग पाहून त्याला एक कारण दिलं. गावकऱ्यांनी राजा शोधला, शहरवासीयांनी जोरावरसिंग आणि जपानी. गावकऱ्यांची निदान भाषा देखणी होती.

राहता राहिला हा आक्षेप, की ‘अनेकदा अनेक जण मेले’ हे उत्तरच नव्हे, प्रश्नातून अंग काढून घेणं आहे. नीट पाहिलं तर हे उत्तर आधीच्यापेक्षा जास्त काम मागतं. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच वर असतो; वारा सुटला आणि हिमवर्षाव सुरू झाला की अंगावर घोंगडी असलेल्या माणसाला तासाभरात कापरं भरतं; वर जुनारगलीची कड, खाली घसरडा उतार. अशा वाटेवर शतकानुशतकं माणसं येत राहिली तर मृत्यूंची बेरीज होण्यासाठी महासंकटाची गरज नाही, आणि नरसाळ्याच्या आकारामुळे ती बेरीज एकाच जागी दिसते. त्याच वेळी अनेकवचनाने एकेका प्रसंगाला मोकळं केलं. गारपीट झाली नाही असं आता म्हणावं लागत नाही. पहिल्या गटातल्या काहींवर ती झाली असेल, फक्त चौदा परदेशी माणसांचं खापर तिच्यावर फोडायचं कारण नाही. त्यांच्या तारखा एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, तेव्हा ते बहुधा एकाच प्रसंगी गेले. त्यांचा माग हाडांत जेवढा लागायचा तेवढा लागला आहे; आता तो दप्तरांत शोधायचा आहे, कारण १८०० च्या सुमाराला हिमालयात शिरलेल्या एवढ्या मोठ्या परदेशी टोळीची दखल कुणीतरी, कुठल्यातरी लिपीत घेतलेली असणं शक्य आहे. आणि तळ्याऐवजी वरच्या उताराकडे, कडेखालच्या बर्फाकडे वळायला हवं, जिथे हाडं अजून मिसळलेली नसतील.

२०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांत, म्हणजे त्या उंचीवरच्या कुरणांत, रात्रीचा मुक्काम करण्याला बंदी घातली आणि रूपकुंडाची वर्दळ आटली. हाडांना त्यामुळे जरा उसंत मिळाली असेल. तपासलेल्या व्यक्ती अडतीस आहेत. बाकी शेकडो कवट्यांचा अजून हिशेब झालेला नाही, आणि त्यांतल्या प्रत्येकीला आपापली तारीख आहे. त्या आग्नेय आशियाई व्यक्तीचंच बघा. आजवरच्या कुठल्याही तर्कात, राजाच्या लवाजम्यात, डोगरा फौजेत, गारपिटीच्या तांड्यात, त्या माणसाला जागा नव्हती; तो तिथे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. काठावरच्या इतर हाडांसारखंच एक हाड, त्याच दगडांत, त्याच बर्फाखाली.